हार्डनेक लसणाच्या गड्ड्यात पाकळ्या का पडत नाहीत?

वाफ्यात लावलेला हार्डनेक लसूण, म्हणजे मधोमध टणक फुलाचा दांडा येणारा प्रकार, नीट उगवतो, पात हिरवीगार वाढते, हंगामाच्या शेवटी वेळेवर पिवळीही पडते; पण उपटून पाहावे तर हाती लागतो तो पाकळ्यांचा गड्डा नव्हे, तर लहान कांद्यासारखा गुळगुळीत, एकसंध गोळा. पहिल्यांदा असे झाले की बियाणे वाईट निघाले असे वाटते. दुसऱ्यांदा खत कमी पडले असे वाटते, आणि खत वाढवूनही पुन्हा तोच गोळा निघाला की लसूण आपल्या मातीला मानवतच नाही, अशी समजूत करून घेऊन माणूस वाफ्यात दुसरे काहीतरी लावायला लागतो. वस्तुतः अशा बहुतेक प्रकरणांत दोष बियाण्याचाही नसतो आणि खताचाही नसतो. गड्ड्याचे पाकळ्यांमध्ये विभाजन होण्यासाठी रोपाला ठरावीक काळ थंडी मिळावी लागते. ती मिळालेली नसते, आणि ती मिळण्याची वेळ काढणीच्या कित्येक महिने आधीच निघून गेलेली असते. त्यामुळे शेवटच्या दोन महिन्यांत केलेला कोणताही उपाय या दोषावर चालत नाही.

आधी गड्डा आडवा कापून पाहावा

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या तीन वेगवेगळ्या अवस्था असतात आणि तिन्हींची कारणे निराळी असल्यामुळे उपाय ठरवण्यापूर्वी एखाद-दुसरा गड्डा धारदार सुरीने बरोबर मध्यावर आडवा कापून पाहणे आवश्यक आहे.

पहिल्या अवस्थेत कापाच्या जागी एकसंध, भरीव, पांढरा गर दिसतो आणि त्याच्या मध्यभागी फिकट पिवळसर किंवा हिरवट रंगाचा एक छोटा ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे पुढच्या वर्षीचा कोंब होय. कांद्यात दिसतात तशा एकात एक गुंतलेल्या मांसल चकत्या येथे दिसत नाहीत, कारण हा संपूर्ण गोळा म्हणजे एकच मोठी पाकळी असते. यालाच एककळी लसूण म्हणतात, आणि या लेखाचा मुख्य विषय तोच आहे.

दुसऱ्या अवस्थेत मध्यभागी टणक दांड्याचा गोल छेद दिसतो, त्याच्याभोवती पाकळ्यांच्या फोडी रेखल्यासारख्या दिसतात, पण त्या अजून बारीक असतात आणि त्यांच्या बाहेरची आवरणे जाड, ओलसर व पांढरी असतात. असा गड्डा अर्धा सोलून पाहिला तर पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या वाटतात आणि घाईत तोही एककळीच आहे असा समज होतो. येथे दोष एवढाच असतो की काढणी लवकर झाली. आणखी दोन-तीन आठवडे तो जमिनीत राहिला असता तर त्याच आवरणांतील रस पाकळ्यांत उतरून आवरणे कागदासारखी पातळ झाली असती.

तिसऱ्या अवस्थेत पाकळ्या पूर्ण तयार झालेल्या असतात, परंतु सगळा गड्डाच लहान असतो. याचे कारण थंडी नव्हे, तर वाढीला मिळालेला अपुरा काळ, अपुरे पाणी, तणांची स्पर्धा किंवा दाट लावणी हे असते. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

कापण्याची चाचणी काढणीच्या वेळी होते, पण तिच्या आधीही एक खूण वाफ्यातच दिसत असते. हार्डनेक प्रकाराच्या रोपातून हंगामाच्या उत्तरार्धात फुलाचा दांडा वर येतो, वळसा घेतो आणि त्याच्या टोकाला चोचीसारखी निमुळती कळी दिसते. ज्या रोपातून असा दांडा आलाच नाही, त्या रोपाच्या तळाशी एककळी असण्याची शक्यता फार मोठी असते. सगळ्या वाफ्यात कोठेही दांडा दिसला नाही, तर एक तर लावलेला लसूण मुळात सॉफ्टनेक आहे किंवा संपूर्ण वाफ्याला थंडी कमी पडली आहे. खाण्यासाठी विकला जाणारा बराचसा लसूण सॉफ्टनेक प्रकारचा असतो, तेव्हा बियाणे कोठून आले हेही एकदा आठवून पाहावे. सॉफ्टनेक असेल तर दांडा न येणे हा त्याचा स्वभावच आहे आणि त्याच्या गड्ड्यात पाकळ्या अनेक थरांत असतात; हार्डनेकमध्ये मात्र त्या मधल्या दांड्याभोवती बहुधा एकाच वर्तुळात, प्रकारानुसार चारपासून साधारण बारापर्यंत असतात.

काही रोपांना दांडा आला आणि काहींना आला नाही, असे मिश्र चित्र असेल तर लावलेल्या पाकळ्यांच्या आकाराकडे पाहावे. गड्ड्यातील अगदी बारीक पाकळ्या किंवा दांड्याच्या टोकावर धरणाऱ्या लहान कळ्या (फुलाच्या नव्हे, तर बारीक पाकळ्यांसारख्या) लावल्या असतील, तर त्यांपासून पहिल्या वर्षी एककळी निघणे हे स्वाभाविक आहे. थंडी पुरेशी मिळाली असली तरीही रोप विभाजनाच्या ताकदीला पोहोचलेले नसते.

रोपाच्या आत काय घडते

लसणाच्या रोपाच्या तळाशी, मुळे जेथून फुटतात त्या चपट्या तबकडीवर, वाढीचे एक मुख्य टोक असते. सुरुवातीला हे टोक एकामागून एक पाने काढत राहते. रोपाला काही आठवडे सलग थंडी मिळाली की या टोकाचे काम बदलते: ते पाने काढणे थांबवते आणि फुलाचा दांडा बनते. त्याच सुमारास सर्वांत आतल्या पानांच्या बेचक्यात नवे डोळे धरतात, आणि पुढे दिवस मोठे व हवा उबदार होऊ लागली की हेच डोळे अन्न साठवून फुगतात. प्रत्येक डोळा म्हणजे एक पाकळी. दांडा आणि पाकळ्या ही एकाच बदलाची दोन फळे असल्यामुळेच दांड्यावरून तळाच्या गड्ड्याचा अंदाज बांधता येतो.

आता थंडी पुरेशी मिळाली नाही असे समजा. मुख्य टोक पानांच्याच कामात राहते, बेचक्यात डोळे धरत नाहीत, पण दिवसांची लांबी आणि उष्णता मात्र आपल्या वेळेवर वाढत जाते. रोपाला फुगण्याचा इशारा मिळतो आणि फुगायला तेथे एकच टोक असते. ते एकटेच अन्न साठवते, आणि तयार होते ती एककळी. म्हणजे विभाजनाला थंडी लागते आणि फुगण्याला मोठा दिवस व ऊब लागते, ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांचा क्रम उलटून चालत नाही. दुसरा इशारा पहिल्याची वाट पाहत थांबत नाही, ही खरी अडचण आहे.

किती थंडी म्हणजे पुरेशी, याचे एकच उत्तर सर्व प्रकारांना लागू पडत नाही. साधारण १० अंश सेल्सिअसच्या खालचे तापमान सहा ते आठ आठवडे मिळावे, हा किमान हिशोब धरावा. हार्डनेकसाठी आठ ते दहा आठवडे मिळाले तर अधिक निश्चिंत राहता येते. हार्डनेकमधील रोकांबोल या गटातील वाणांना थंडीची गरज विशेष असते आणि सौम्य हिवाळ्यात सर्वांत आधी तेच निराश करतात. हवा एखाद्या रात्री गोठणबिंदूपर्यंत उतरली म्हणून हिशोब पूर्ण होत नाही. पाकळी जमिनीत असते, त्यामुळे तिला मोजायची आहे ती जमिनीची थंडी, आणि जमीन हवेपेक्षा फार सावकाश थंड होते.

आपल्या वाफ्याचा हिशोब

यासाठी मातीत खुपसण्याचा साधा थर्मामीटर पुरतो. पाकळी ज्या खोलीवर आहे त्या खोलीवर, म्हणजे ५ ते ८ सेंटीमीटरवर, आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी आणि दुपारी वाचन घ्यावे आणि ते वहीत टिपून ठेवावे. दोन्ही वाचने १० अंशांच्या खाली असलेले आठवडे मोजावेत. ज्या आठवड्यात सकाळी ८ आणि दुपारी १७ अंश दिसतात, तो आठवडा पूर्ण धरू नये. दक्षिणोत्तर पसरलेल्या मोठ्या वाफ्यापेक्षा भिंतीलगतच्या वाफ्यात, काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत किंवा गच्चीवरच्या पेटीत दुपारचे वाचन कितीतरी वर गेलेले आढळेल. एकाच बागेत एका कोपऱ्यात उत्तम गड्डे आणि दुसऱ्या कोपऱ्यात गोळे, या कोड्याचे उत्तर अनेकदा एवढेच असते.

वहीतील नोंदी पाहून तीनपैकी एक निष्कर्ष निघतो. थंडीचे आठवडे पुरेसे होते पण लावणी त्यांतील निम्मे उलटून गेल्यावर झाली, असे दिसल्यास पुढच्या हंगामात लावणी अलीकडे आणावी, आणि बाकी काहीच बदलू नये. जेथे जमीन गोठते तेथे गोठण्याच्या चार ते सहा आठवडे आधी लावणी करण्याचा प्रघात याच कारणासाठी आहे: तेवढ्या अवधीत मुळे पसरतात, कोंब मात्र फारसा वर येत नाही. जेथे जमीन गोठत नाही तेथे मातीचे तापमान १५ अंशांच्या आसपास उतरू लागले की लावणी करावी. वसंत ऋतूत लावलेल्या हार्डनेकमध्ये एककळी निघण्याचे प्रमाण मोठे असते, याचेही कारण आता वेगळे सांगायला नको.

थंडीचे आठवडे थोडेच कमी पडले, समजा सहाऐवजी चारच मिळाले, असे दिसले तर उरलेली थंडी लावणीपूर्वी फ्रीजमध्ये देता येते. आणि थंडी जवळजवळ मिळतच नसेल तर संपूर्ण भार फ्रीजवर टाकावा लागतो, किंवा कमी थंडीत भागणारा प्रकार निवडावा लागतो.

फ्रीजमध्ये थंडी देताना

हा उपाय उपयोगी आहे, पण तो करताना होणाऱ्या चुकाही ठरलेल्या आहेत. गड्डे अखंड ठेवावेत. पाकळ्या सुट्या करून ठेवल्यास त्यांना बुरशी लवकर धरते आणि त्या सुकतातही. कागदी पिशवीत किंवा जाळीच्या पिशवीत ठेवावे, तोंड बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही ठेवू नये, कारण आत साचलेल्या दमटपणात तळाकडून मुळे फुटू लागतात आणि निळसर-हिरवी बुरशी पाकळ्यांच्या कडांवर दिसू लागते. तापमान ५ ते १० अंशांच्या दरम्यान असावे. घरातील फ्रीज बहुधा ४ अंशांच्या जवळ चालतो, म्हणून सर्वांत कमी थंड असलेला कप्पा थर्मामीटर ठेवून शोधून काढावा. दारातला कप्पा पुष्कळदा या कामी येतो. फ्रीझरचा विचारही करू नये.

येथे थंडी जितकी जास्त तितके चांगले, असा हिशोब चालत नाही. फार कमी तापमानात फार दिवस ठेवलेल्या पाकळ्यांपासून येणाऱ्या रोपांत बेचक्यातले डोळे फुगून पाकळ्या होण्याऐवजी स्वतःच पाने काढू लागतात. मग मानेपासून गवताच्या झुडपासारखे बारीक फुटवे निघतात, गड्डा वेडावाकडा आणि सैल होतो. एककळीच्या धास्तीने फ्रीजमध्ये महिनोन्महिने ठेवलेल्या लसणाची ही गत हमखास होते. आठ आठवडे फ्रीजमध्ये आणि त्यानंतर जमिनीत मिळेल ती थंडी, हा माझ्या मते सुरक्षित मेळ आहे. जमिनीतही चार-पाच थंड आठवडे मिळण्याची खात्री असेल तर फ्रीजमधला काळ त्या प्रमाणात कमी करावा.

मागे मोजून तारीख ठरवावी. आपल्याकडे लावणीचा योग्य आठवडा कोणता ते आधी नक्की करावे आणि त्याच्या आठ आठवडे आधी गड्डे फ्रीजमध्ये ठेवावेत. बाहेर काढल्यावर ते उबदार खोलीत पडू देऊ नयेत. मिळालेल्या थंडीचा परिणाम पाठोपाठच्या उष्णतेने ओसरू शकतो. वाफा आधी तयार करून ठेवावा, गड्डे काढावेत, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी पाकळ्या सुट्या करून लावून टाकाव्यात. माती तेव्हाही तापलेली असेल तर लावणीची घाई करण्यापेक्षा गड्डे आणखी आठवडाभर फ्रीजमध्ये राहिलेले बरे.

पाकळ्या पडतात, पण गड्डा लहान राहतो

ही तक्रार एककळीइतकीच नेहमीची आहे आणि तिचे मूळ पानांच्या संख्येत असते. दिवस मोठे होऊन फुगण्याचा इशारा मिळाला की नवी पाने येणे थांबते. त्या क्षणी रोपाकडे जेवढी पाने असतील तेवढ्यांनीच पुढचे सगळे अन्न तयार करायचे असते. त्या वेळी आठ-दहा रुंद, निरोगी पाने असलेल्या रोपाचा आणि चार-पाच बारीक पाने असलेल्या रोपाचा गड्डा सारखा होणे शक्य नाही. म्हणून वाढीच्या पहिल्या टप्प्यात नत्राची कमतरता पडू देऊ नये, तण वाढू देऊ नये आणि पाण्याचा ताण पडू देऊ नये. लसणाची मुळे उथळ असतात आणि पाने उभी, अरुंद असल्यामुळे ती जमीन झाकत नाहीत. साहजिकच तणांशी झुंजण्याची त्याची ताकद फार कमी असते. पेंढ्याचे किंवा वाळलेल्या पानांचे आच्छादन या दृष्टीने मोलाचे ठरते.

खताच्या बाबतीत वेळ चुकली की चांगले खतही अपाय करते. लावणीपूर्वी चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट मिसळावे, थंडी सरून पात जोमाने वाढू लागली की नत्राचा हप्ता द्यावा, आणि गड्डा फुगू लागल्यावर नत्र पूर्ण बंद करावे. त्यानंतर दिलेले नत्र पात हिरवी ठेवते, पक्वता लांबवते, फुटवे वाढवते आणि साठवणीत गड्डा लवकर खराब होतो. लहान गड्डे पाहून शेवटच्या महिन्यात युरिया टाकण्याचा मोह होतो तो आवरावा.

लावणीसाठी गड्ड्यातील सर्वांत मोठ्या पाकळ्या निवडाव्यात आणि बारीक पाकळ्या खाण्याकडे वळवाव्यात. टोक वर आणि तबकडी खाली, पाकळीच्या टोकावर ५ सेंटीमीटर माती, कडक हिवाळ्यात त्याहून काहीशी जास्त. दोन पाकळ्यांत १५ सेंटीमीटर अंतर. उलटी लावलेली पाकळीही उगवते, पण कोंबाला वळसा घेऊन वर यावे लागते आणि गड्डा तिरका होतो.

फुलाचा दांडा कधी काढावा याविषयी मतभेद आढळतात. दांड्याने एक पूर्ण वळसा घेतला की तो वरच्या पानाच्या जवळून कापावा, हे मला योग्य वाटते. दांडा तसाच ठेवला तर टोकावरच्या कळ्या भरण्यात अन्न खर्च होते आणि गड्डा लहान राहतो. हा फरक हलक्या जमिनीत आणि पाणी कमी असताना अधिक जाणवतो. मात्र रोपाला दांडा आलाच नाही म्हणून पात चिरून तो शोधू नये.

काढणीची वेळ पानांवरून ठरवावी. खालची तीन-चार पाने वाळली आणि वरची पाच-सहा हिरवी राहिली की एक गड्डा उकरून, आडवा कापून पाहावा. प्रत्येक हिरवे पान म्हणजे गड्ड्यावरचे एक शाबूत आवरण असते. सगळी पाने वाळेपर्यंत थांबले तर आवरणे जमिनीतच कुजतात, पाकळ्या फाकतात आणि असा लसूण टिकत नाही. काढणीपूर्वी सुमारे दोन आठवडे पाणी बंद करावे.

जेथे हिशोब बदलूनही उपयोग होत नाही

गड्डे लहान असून पात अकाली पिवळी पडत असेल, रोप हलक्या हाताने ओढताच उपटून येत असेल आणि तळाशी पांढऱ्या कापसासारख्या बुरशीत खसखशीएवढे काळे दाणे दिसत असतील, तर ती पांढरी सड आहे. ते दाणे मातीत वीस वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकतात, त्यामुळे त्या वाफ्यात लसूण, कांदा आणि त्यांच्या कुळातील काहीही पुन्हा लावू नये, आणि तेथील माती अवजारांना किंवा बुटांना चिकटून दुसऱ्या वाफ्यात जाऊ देऊ नये. तळ फुगून पात पिळवटलेली दिसली तर खोड व गड्ड्यावरील सूत्रकृमींचा संशय घ्यावा आणि त्या गड्ड्यांतील एकही पाकळी बियाण्यासाठी ठेवू नये. हे दोष लावणीची तारीख बदलून सुटत नाहीत.

निघालेल्या एककळींचे काय करावे

त्या फेकून देऊ नयेत. निरोगी एककळी म्हणजे भरपूर अन्नसाठा असलेली एक मोठी पाकळीच असते, आणि पुढच्या हंगामात वेळेवर लावून पुरेशी थंडी मिळाली तर तिच्यापासून पाकळ्यांचा चांगला गड्डा मिळतो. दांड्याच्या टोकावरच्या कळ्यांपासून बियाणे वाढवणारे लोक हाच मार्ग वापरतात: पहिल्या वर्षी बारीक एककळी, पुढच्या एक-दोन वर्षांत पूर्ण गड्डा. या कळ्या मातीला न टेकता वाढत असल्यामुळे मातीतून येणारे रोग त्यांच्यासोबत सहसा येत नाहीत, मात्र रोपात आधीच असलेले विषाणू त्यांच्यातही उतरतात.

काढलेल्या एककळी सावलीत, हवेशीर जागी दोन ते चार आठवडे सुकवाव्यात आणि लावणीपर्यंत खोलीच्या तापमानात, कोरड्या जागी ठेवाव्यात. काढणीनंतर लगेच फ्रीजमध्ये ठेवण्याची गरज नाही. थंडी द्यायची असेल तर ती लावणीच्या तारखेवरून मागे मोजूनच द्यावी.

ही सर्व काळजी घेऊन, मातीच्या तापमानाच्या नोंदी ठेवून आणि फ्रीजची मदत घेऊनही दोन हंगाम लागोपाठ बहुतेक गड्डे एकसंधच निघाले, तर रोकांबोल किंवा पोर्सेलिन गटातील वाणांचा आग्रह सोडावा. क्रिओल आणि टर्बन गटांतील वाण सौम्य हिवाळ्यात बरेच अधिक भरवशाचे असतात. त्यांचा दांडा नेहमीच जोमदार येत नाही, काही वर्षी तो येतच नाही, आणि तरीही गड्ड्यात पाकळ्या पडलेल्या असतात. त्यामुळे या वाणांसाठी दांड्याच्या खुणेवर विसंबू नये आणि प्रत्येक वेळी एक गड्डा कापूनच खात्री करून घ्यावी.